सोडून धरणारा ब्रेक

दाजी, तुमच्या दहाव्याला भीमेच्या काठावर पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरकलो, तेव्हा माझं भाषण तयार होतं. तुम्ही मला ओळखता. शिरूरमध्ये लग्न असो, कुस्त्यांचा फड असो की गणपतीपुढचं नाटक, मंडप माझा, कर्णा माझा आणि कर्ण्यातून येणारा आवाजही माझाच. सख्ख्या बहिणीचा नवरा गेल्यावर मी गप्प राहीन, हे कसं व्हायचं? मी मनातल्या मनात सगळा प्रवेश बसवला होता. कावळा शिवणार नाही. तुमचा थोरला पुढे होऊन म्हणेल, आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. लोको शेडमधले तुमचे सोबती काहीबाही कबूल करतील. कावळा ढिम्म. मग मी पंचा झटकून खांद्यावर टाकीन, पुढे येईन आणि म्हणेन, "दाजी, तुमचं काय राहिलंय ते मला एकट्याला ठाऊक आहे."

आम्ही वळून नीट उभेही राहिलो नव्हतो, तोवर कावळा आला. बाभळीवरून सरळ खाली, भाताला चोच, की परत बाभळीवर. माणसं म्हणाली, "पुण्यवान गडी. मागं कायबी राहिलं न्हाई." आक्कानं पदर डोळ्यांना लावला. मी तोंडातलं भाषण गिळून उभा राहिलो. जिवंत होता तेव्हाही तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाही. मी रंगात आलो की हातातला पाना जवळच्या लोखंडावर वाजवायचा, टक टक टक, आणि म्हणायचं, "पाव्हणं, मुद्द्यावर या." दहाव्यालाही तेच केलंत, फक्त पान्याऐवजी कावळा पाठवलात.

पण राहिलं होतं, दाजी. लोकांना काय माहीत. तुम्ही हातानं बांधलेल्या गाडीचा, हातानं घडवलेला ब्रेक मी एकदा तरी पाय न उचलता दाबावा, एवढी एकच गोष्ट तुम्ही माझ्याकडे मागत होता. वर्षानुवर्षं मागत होता. आणि मी वर्षानुवर्षं पाय उचलत होतो.

आता मला बोलू द्या. पाना तुमच्या हातात नाही.

सुरुवात अधिक महिन्यात झाली, हे तुम्हाला आठवत असेलच. धोंड्याला जावयाला जेवायला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं आणि वर काहीतरी द्यायचं. आबांनी विचारलं, "जावईबापू, अंगठी करावी म्हणतो. का दुसरं काय मनात हाय?" तुम्ही तोंडात घास होता म्हणून नुसती हनुवटी गोठ्याकडे उडवली. गोठ्यात आमची नुकती व्यालेली म्हैस होती. आईचा चेहरा उतरला. तिनं मला बाजूला ओढून विचारलं, "म्हस मागत्यात का रं?" आबा तर घाम पुसायला लागले. तुम्ही घास गिळून म्हणालात, "म्हस न्हाई. म्हशीच्या मागचं."

म्हशीच्या मागे एक मेलेली जीप होती. मिलिटरीच्या लिलावातली. तिचं इंजिन विहिरीवर बसवू म्हणून आबांनी आणली, ते जमलं नाही, आणि मग तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. सगळ्या शिरूर तालुक्यात वाणात मोडकी जीप मागणारा जावई तुम्ही पहिले आणि बहुधा शेवटचे. आबांना इतका आनंद झाला, की त्यांनी अंगठीसुद्धा दिली.

तिथून पुढे सुट्टी मिळाली, की तुम्ही दौंडहून शिरूरला हजर. जावई आला की आधी पाणी, मग चहा, मग गप्पा, अशी रीत. तुम्ही पिशवी ठेवायचात आणि सरळ गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचात. आई चहाचा कप गाडीखाली सरकवायची आणि गाडीखालून रिकामा कप परत यायचा. सांगाड्यावर सागाच्या फळ्या चढल्या. तेलाच्या पिंपांचे पत्रे कापून, ठोकून, त्यांचं बॉनेट झालं. रेल्वेच्या लिलावातून कुठल्यातरी जुन्या डब्याची बाकं आली, हिरव्या रेक्झिनची. गाव तिला दाजींची आगगाडी म्हणू लागलं. आक्का शेडच्या दारात गोधडी घेऊन बसायची. तुमचं खालून ठाकठूक, तिचं दारात टाका घालणं. तासन् तास दोघं एकमेकांशी अक्षर बोलायचा नाहीत, आणि उठताना दोघांच्या चेहऱ्यावर भरपूर गप्पा मारल्याचं समाधान. मी मधे बसून दोघांच्या वाटचं बोलायचो.

गाडी चालू झाली तेव्हा पहिला मान आक्काचा. ठेवणीतलं इरकल नेसून ती तुमच्या शेजारी बसली. मी मागच्या बाकावर. न्हावऱ्याच्या रस्त्याला आदल्या दिवशीच्या पावसानं काळ्या रानातला चिखल डांबरावर आला होता. समोर रेडा आडवा आला. तुम्ही ब्रेक दाबलात. मागची चाकं जागच्या जागी अडकली आणि त्यानंतर जे झालं ते मी आजवर शंभर ठिकाणी रंगवून सांगितलंय, पण खरं सांगायचं तर मला काही कळलंच नाही. झाडं आमच्याभोवती फिरली. गाडीची शेपूट पुढे आली, तोंड मागे गेलं आणि आम्ही चारीत एक चाक घालून उभे राहिलो, शिरूरकडे तोंड करून. रेडा अजून तिथंच उभा, आमच्याकडे बघत.

आक्का ओरडली नाही. ती खाली उतरली. इरकल पिंढरीपर्यंत चिखलात. गाडीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या म्हायेराकडं तोंड करून उभी ऱ्हायलीय. जा म्हणतीय मला. जाते."

"अगं, चिखल होता," तुम्ही म्हणालात.

"चिखल काय उद्या जाणार हाय व्हय? ज्या दिवशी ही गाडी सरळ जाऊन सरळ थांबंल, त्या दिवशी बसंन. तवर न्हाई."

आणि ती चालत घरी गेली. तुम्ही गाडी तिच्या मागोमाग बैलाच्या चालीनं आणत होता. ती एकदाही वळून बघत नव्हती. लोक बांधावर उभे राहून हसत होते. तुमचा चेहरा मला आरशात दिसत होता. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं, की ही गाडी तुम्ही फिरायला बांधलेली नव्हती. ती एका माणसाला शेजारी बसवायला बांधली होती, आणि ते माणूस समोर चिखल तुडवत चाललं होतं.

तुम्ही रेल्वेचा माणूस. तुमचं सगळं आयुष्य व्हॅक्यूम ब्रेकच्या नळ्यांत गेलं. तुम्ही मला समजावून सांगितलं होतं, की रेल्वेचा ब्रेक उलटा असतो. इंजिन नळ्यांतली हवा ओढून घेतं तोवर ब्रेक सुटलेला राहतो. नळी फुटली, डबा तुटला, हवा आत शिरली, की ब्रेक आपोआप लागतो. "आमच्यात ब्रेक लावत न्हाईत, पाव्हणं. तो लागायलाच टपलेला असतोय. आपण त्याला धरून ठिवायचं." त्यामुळे सगळ्या डब्यांना ब्रेक सारखा बसतो आणि गाडी रुळावर सरळ थांबते. मी म्हणालो, "दाजी, गाडी रुळावर सरळ थांबते कारण खाली रूळ असत्यात." तुम्ही पाना वाजवलात. टक टक टक.

तर तुम्ही रेल्वेचा ब्रेक मोटारीला बसवलात. इंजिनाच्या ओढीवर ब्रेक सुटा राहणार. इंजिन बंद पडलं की ब्रेक लागणार. रेल्वेच्या माणसाशिवाय ही चूक जगात दुसरं कुणी करू शकलं नसतं. चाचणीला तुम्ही दिवस कुठला निवडलात, तर बाजाराचा. का, तर गर्दीत हळू चालवता येईल. ऐन भाजीबाजारात कार्बोरेटरमध्ये कचरा अडकून इंजिन बंद पडलं आणि तुमचा ब्रेक जसा लागायला हवा होता तसा लागला. दहाजणांनी धक्का मारला. गाडी देवळासारखी जागच्या जागी. इंजिन सुरू होत नाही म्हणून ब्रेक सुटत नाही, आणि ब्रेक सुटत नाही म्हणून ढकलून इंजिन सुरू करता येत नाही. मी दोनदा हँडल मारलं आणि खांदा धरून बसलो. तुम्ही मात्र खूष.

"बघा. शिस्टीम बराबर चालली. बिघडलं की थांबायचं."

"थांबलंय खरं, दाजी. पण हलणार कवा?"

दुपारपर्यंत एका बाईनं बॉनेटवर मेथीच्या जुड्या मांडल्या होत्या. पत्रा गार आहे, असं तिचं म्हणणं होतं. संध्याकाळी बाजार उठला तेव्हा दिव्याच्या काचेवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं निघालं. तुम्ही खाली शिरून सगळ्या नळ्या सोडवल्यात तेव्हा ती जागची हलली आणि बैलजोडीनं तिला घरी आणलं. आक्का दारात गोधडी शिवत होती. तिनं सुई वर धरून विचारलं, "सरळ थांबली का?"

"सरळ थांबली," तुम्ही म्हणालात.

"निघाली का?"

तुम्ही बैलांचं जू सोडायला लागलात. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी हसलो.

पुढे बरेच महिने तुम्ही गाडीखाली शिरलाच नाहीत. यायचात, आबांशी बोलायचात, चहा बसून प्यायचात. आईला वाटलं जावई माणसात आला. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी तुम्हाला हसवायला लागलो. त्या दिवशी गोठ्यात कडबा कुट्टीच्या यंत्राचं हँडल फिरवत मी तुम्हाला एका तमाशाच्या फडातल्या मारामारीची गोष्ट सांगत होतो. रंगात आलो. आता पाटलानं काठी उगारली, असं म्हणून मी भाव साधायला हात एकदम थांबवला. माझा हात थांबला. यंत्राचं ते जडशीळ चाक कुठलं थांबायला? ते आपल्या जोरात पुढे गेलं, हँडल माझ्या मुठीतून निसटलं आणि फिरून येऊन कोपरावर बसलं.

मी कोपर धरून नाचत होतो. तुम्ही चाकाकडे बघत होता.

"परत करा," तुम्ही म्हणालात.

"काय परत करा? हात मोडला माझा."

"परत फिरवा आन् मधीच थांबा. एकदम."

मी परत केलं. परत लागलं. तुम्ही म्हणालात, "परत." दाजी, विज्ञानासाठी लोकांनी काय काय सोसलंय ते मी ऐकून आहे, पण त्या यादीत माझं कोपर कुणी घातलेलं नाही. शेवटी तुम्ही चाकावर तळहात ठेवलात, जसा म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि हळू आवाजात बोललात. "हात थांबला त्ये चाकाला कळलं न्हाई. कळायला येळ लागला. त्येवढा येळ आपला हाय."

त्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला त्यातलं काहीच समजलं नव्हतं, तरी आला होता.

नंतर तुम्ही जे केलंत ते मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्यावर तुम्ही लोखंडाची एक जड चकती बसवलीत, जराशी सैल. चाकं नीट फिरताहेत तोवर चकती मुकाट्यानं दांड्याबरोबर फिरते. चिखलात ब्रेक दाबला, चाकं एकदम अडकली, दांडा थांबला, तरी चकतीला ते लगेच कळत नाही. ती थोडी पुढे सरकते. सरकली की एक खिट्टी दाबली जाते आणि मागच्या ब्रेकच्या नळीतला तेलाचा जोर क्षणभर उतरतो. ब्रेक सुटतो. चाकं फिरतात. स्प्रिंग चकतीला मागे ओढते. ब्रेक परत लागतो. आणि हे सगळं एका श्वासात कितीतरी वेळा.

दौंडला कुणीतरी तुम्हाला सांगितलं, की असलं काहीतरी विमानांच्या चाकांना आधीपासून असतं. एक दिवस तुम्ही हिरमुसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तुमचा चेहरा बघण्यासारखा होता. "म्हंजी व्हतंय," तुम्ही म्हणालात. "विमानाला व्हतंय तर जीपला का न व्हावं?"

मी मात्र हटून बसलो. सुटतो तो ब्रेक कसला? दाबल्यावर धरत नाही आणि धरल्यावर टिकत नाही, असल्या वस्तूला आमच्यात पुढारी म्हणतात. ट्रकवाल्यांनी मला शिकवलं होतं, की चिखलात पाय टप्प्याटप्प्यानं मारायचा, दाबला सोडला, दाबला सोडला. तुम्ही म्हणायचात, "त्येच चकती करती. तुमच्या पायापरीस लवकर करती."

"मग माझ्या पायाचं काम काय?"

"दाबायचा आन् तसाच ठिवायचा. उचलायचा न्हाई."

"आन् चकतीनं सोडून दिलं तर?"

"सोडणारच. म्हणून तर धरती."

तिथं आपलं भांडण अडकलं ते कायमचं.

चाचणीची जागा आणि अटी आक्कानं ठरवल्या. गावाबाहेर ओढ्याकडे रस्ता उतरतो तिथं भाद्रपदात काळा चिखल असा पसरतो, की बैलसुद्धा जपून पाय टाकतात. आक्का कबड्डीच्या मैदानावरची फक्की घेऊन आली. पांढऱ्या फक्कीचे दोन लांब पट्टे तिनं उतरणीवर ओढले, गाडीच्या रुंदीपेक्षा वीतभर जास्त अंतर ठेवून. "ह्याच्या मधी थांबायचं. फक्कीला चाक लागलं तर गाडी कोंबड्यांना परत." मी कर्णा आणला होता. निम्मं गाव आलं होतं. मी वर्णन सुरू केलं, दाजी आता वळताहेत, दाजी आता घाम पुसताहेत, आणि तुम्ही वरून हातानं खूण केलीत, की गप्प बस. पाना नव्हता तरी मला टकटक ऐकू आली.

गाडी उतरणीवर सुटली. ओढ्याला पाणी होतं. एरवी गाड्या जिथं ब्रेक मारतात तिथं तुम्ही दाबला नाहीत. पुढे आलात. आणखी पुढे आलात. माझ्या हातातला कर्णा खाली गेला. मग तुम्ही दाबलात, आणि गाडीच्या पोटातून एक आवाज आला. आजवर मी ढोल ऐकलेत, हलगी ऐकलीय, इंजिनं ऐकलीत. हा त्यातला नव्हता. कुणीतरी आतून भराभर दार ठोठावतंय, असा. गाडी थरथरत होती, कचरत होती, अडखळत होती, आणि या सगळ्यात सरळ येत होती. शेपूट जराही हलली नाही. पाण्याच्या अलीकडे, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध ती उभी राहिली. एवढं लोखंड, एवढा चिखल, एवढा उतार, आणि फक्की तशीच्या तशी.

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला एकच खेळ, ज्यात प्रेक्षक टाळ्या विसरले. माझ्याकडे कर्णा होता आणि बोलायला एक शब्द नव्हता. देवळात गेल्यावर लोकांना काय होतं, ते मला ओढ्याच्या चिखलात झालं.

आक्का गाडीकडे गेली नाही. ती वर चढली, जिथं तुम्ही ब्रेक दाबला होता तिथं, आणि वाकून रस्ता बघू लागली. आम्हीही गेलो. चाकं अडकून घसरली, की चिखलात दोन सलग पट्टे उमटतात, ते आम्हाला माहीत होते. इथं मागच्या चाकांचा पट्टा तुटक होता. घासल्याची एक छोटी रेघ, मग थोडं अंतर, परत रेघ, परत अंतर, थेट गाडीपर्यंत.

"धावदोरा," आक्का म्हणाली.

तुम्ही खाली गाडीतच बसून होता. ती तिथूनच तुम्हाला म्हणाली, "आवं, धावदोरा घातलाय तुमी. सुई खाली जाती, वर येती. वर येती म्हणून शिवण बसती. नुसती खालीच घातली तर फाटतंय कापड."

तुम्ही दोन वर्षं मला जे समजावत होता ते तिनं चिखलाकडे बघून म्हटलं. मग पदर खोचला, उतरणीवरून सावकाश खाली आली, आणि तुमच्या शेजारच्या हिरव्या बाकावर बसली. तुम्ही दोघं समोर ओढ्याकडे बघत बसलात. नेहमीसारखे, अक्षर न बोलता. मी वरून ओरडलो, की आता तरी काहीतरी बोला, एवढं गाव उभं आहे. तुम्ही स्टिअरिंगवर अंगठीचं बोट वाजवलंत. टक टक टक.

तेव्हापासून आक्का त्या गाडीशिवाय कुठं गेली नाही. गाडी तुम्ही मलाही चालवायला द्यायचात. आणि मी काय करायचो, ते तुम्हाला माहीत आहे. समोर काही आलं की माझा पाय दाबायचा, उचलायचा, दाबायचा, उचलायचा. चकतीला कधी काम पडूच दिलं नाही. तुम्ही शेजारी बसून कपाळावर हात मारायचात. "तुमचा पाय नाटकी हाय, पाव्हणं. दुसऱ्याला बोलूच देत न्हाई." मी म्हणायचो, डोळ्यांनी बघितलं ते मान्य आहे, पण पाय वेगळा माणूस आहे, त्याचं मी सांगू शकत नाही. तुम्ही म्हणायचात, "एकदा. फकस्त एकदा ठिवून बघा. तुमच्या पायाला कळू द्या." मी म्हणायचो, पुढल्या पावसात. मला भीती वाटत होती असं नाही, दाजी. म्हणजे वाटत होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तुमच्याशी भांडायला माझ्याकडे तेवढा एकच विषय उरला होता. तो संपला असता तर शेडमध्ये बसून आपण काय केलं असतं?

मग त्या दिवशी तुम्ही कामावरून आलात, चहा मागितलात, आणि चहा हाती यायच्या आत निघून गेलात. आक्का म्हणते, कप तिच्या हातात होता.

तेरावा झाल्यावर ती म्हणाली, "चार दिवस शिरूरला येते. गाडी काढ." मी म्हटलं, एसटीनं जाऊ. ती म्हणाली, "गाडी काढ." मी काढली. चौफुल्यावरून भीमा ओलांडून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. उसाचे दिवस. ती तुमच्या शेजारी जशी बसायची तशीच बसली होती, फक्त तुमच्या जागी मी होतो. मी बोलत होतो. कारखान्याचं, पोरांचं, हवेचं. ती समोर बघत होती. मी थांबेना, कारण मला थांबवणारं कुणी नव्हतं.

एका वळणानंतर शेताचा पाट फुटून पाणी रस्त्यावर आलं होतं आणि त्याबरोबर काळा गाळ. आणि तिथंच उसाची एक भरली गाडी आडवी होत होती, बैल बिचकलेले, गाडीवान कासऱ्याला लोंबकळलेला. डावीकडे पाट, उजवीकडे खड्डा. पुढे बैलांची तोंडं. माझा पाय ब्रेकवर गेला. पायाला सवय होती ती उचलायची. उचलणारच होता. पण शेजारी आक्कानं काहीच धरलं नव्हतं. ना बाक, ना दार, ना माझा दंड. हात मांडीवर. ती तशी बसली होती, म्हणजे तिला माहीत होतं गाडी कुणी बांधलीय ते.

मी दाबला, दाजी. आणि ठेवला.

पहिल्या क्षणी काहीच झालं नाही. मग माझ्या तळपायाखाली पेडल मला उलटं ढकलू लागलं. टक टक टक टक. तो आवाज बाहेरून मी ऐकला होता, पण पायाला तो कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. तुम्ही मला हे इतकी वर्षं दाखवू पाहत होता. माझ्या तळपायावर तुम्ही पाना वाजवत होता. मी बोलायचा थांबलो. बोलायचाच नाही, सगळाच थांबलो. काही करायचं नव्हतं. नुसतं दाबून ठेवायचं होतं आणि तुम्हाला बोलू द्यायचं होतं. गाडी थरथरत सरळ गेली, काडीभरही शेपूट न हलवता, आणि उभी राहिली. डावा बैल मान पुढे करून पिंपाच्या पत्र्याचं बॉनेट हुंगू लागला.

गाडीवान खाली उतरला, बैलांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "सरळ थांबला की वो," तो म्हणाला. एवढंच.

मला पाय उचलता येईना. उचलला तर तो आवाज संपेल, असं काहीतरी डोक्यात होतं. आवाज तर कधीच संपला होता. गाडी उभी होती. आक्का म्हणाली, "बाळू, सोड आता." मग मी सोडला. आणि रडलो, दाजी. भाषणाशिवाय.

ती उतरली. लुगडं हातानं उचलून चिखलातून मागे गेली आणि जिथं मी ब्रेक दाबला होता तिथं वाकून उभी राहिली. मी आरशात बघत होतो. बराच वेळ ती रस्ता बघत राहिली, जसं शिवण झाल्यावर गोधडी उजेडात धरून बघतात तसं. गाडीवानानं तेवढ्यात बैल सरळ केले आणि ऊस पुढे गेला. ती परत येऊन बसली, पावलांचा चिखल गाडीच्या काठावर पुसला आणि म्हणाली, "टाका लांब पडतोय. स्प्रिंग ढिली झाली आसंल. घट करून घे."

"मी?" मी म्हणालो.

"मग कोन?"

म्हणून आज सकाळपासून मी गोठ्यामागच्या शेडमध्ये गाडीखाली आडवा पडलोय. आईनं चहाचा कप खाली सरकवला होता, तो गार झाला. आक्का दारात गोधडी घेऊन बसलीय, तुमच्या धोतराचे तुकडे लावलेली. चकती मला सापडली. स्प्रिंगही सापडली. ती कितपत आवळायची ते मला कळत नाही, आणि विचारलं तर दारातून उत्तर येतं, की थोडी आवळ, ओढ्यावर जाऊन बघू, टाका बारीक आला की झालं. म्हणजे फक्की पुन्हा आणावी लागणार. मघाशी मी तिला सांगत होतो, की या चकतीचं गुपित असं आहे बघ, की तिला लवकर कळत नाही, आणि जगात ज्याला लवकर कळत नाही त्याचंच... आणि सांगता सांगता सवयीनं थांबलो. पाना वाजेल म्हणून. पाना माझ्याच हातात होता. मी दांड्यावर तो वाजवून बघितला, टक टक टक, आणि वर दारात सुई थांबल्याचं मला कळलं.